दर्यात बीज कोण टाकतं

९ फेब्रुवारी २००९
बोंडटोला, ता. अर्जुनी मोरगाव

श्री. दुधराम यांस,

नावापुढे श्री लावलंय, त्यात काही शोधू नकोस. आठ वर्षांनी सख्ख्या धाकट्या भावाला काय म्हणून लिहायचं हे सुचेना, म्हणून सरकारी कागदावर लिहितात तसं लिहिलं. फोन चार वेळा केला. तू उचलतोस, माझा आवाज ऐकतोस आणि ठेवून देतोस. पत्र निदान फाडण्याआधी माणूस एकदा वाचतो.

कामाचं बोलतो. माझा ओमेश तुझ्याकडे आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आईलासुद्धा न सांगता निघून गेला. तीन आठवडे आम्ही नागपूर, रायपूर, जिथे जिथे आपली पोरं कामाला आहेत तिथे विचारत बसलो. शेवटी कळलं की रत्नागिरीकडच्या बंदरात आहे, तुझ्याच खोलीवर, तुझ्याच बोटीवर.

भांडण झालं होतं, लपवत नाही. गेल्या पावसाळ्यात मच्छीमार सोसायटीच्या तलावासाठी मत्स्यबीजाच्या पिशव्या घेऊन येणारी गाडी गोरेगावपाशी बंद पडली. पिशव्यांतलं पाणी तापलं आणि बोटाएवढी पिल्लं सगळी मेली. बीज नाही तर मासा नाही. दिवाळीनंतर जाळी टाकली तर नुसतं शेवाळ वर आलं. ओमेश सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, तुह्या तलावात काईच नाही, मी कायले राहू अठी?" मी त्याच्या थोबाडीत मारली. एकोणीस वर्षांच्या पोराला मारू नये, हे मारल्यावर कळतं.

त्याला पोहता येतं, पण ते तलावातलं पोहणं, दोन्ही काठ दिसणाऱ्या पाण्यातलं. पत्र मिळताच त्याला गाडीत बसव. तुझ्यामाझ्यातलं तुझ्यामाझ्यात राहू दे.

जागेश्वर


१६ मार्च २००९
बंदर, जि. रत्नागिरी

भाऊस नमस्कार.

ओमेशला मी बोलावलं नव्हतं. एक दिवस दारात येऊन उभा राहिला, हुबेहूब तुझं तोंड घेऊन. दार लावून घेणार होतो. पण उपाशी होता.

तो ठीक आहे. कामाला चांगला आहे, तेच वाईट आहे. इथलं काम तुला सांगतो. ट्रॉलरचं जाळं समुद्राच्या तळावरून तीन-तीन तास ओढत नेतात. वर घेतलं की बोटीवर ढीग पडतो. त्यातली कोळंबी, माकूळ, चार मोठे मासे बाजूला काढायचे. उरलेला ढीग म्हणजे सुरमईची, बांगड्याची, कसली कसली बोटभर पिल्लं. ती फावड्यानं भरून कारखान्याला द्यायची, तिथे त्यांचं कूट होतं. जाळ्याच्या शेपटाची भोकं अशी की आगपेटीची काडी निसटायची नाही. मी आलो तेव्हा हा उरलेला ढीग घमेलंभर असायचा, आता तोच जास्त असतो. बाकी मिळतच नाही.

पहिल्या दिवशी ओमेश फावडं घेऊन भिडला. मी म्हटलं, जिवंत आहेत ती तरी परत टाक. तर म्हणतो कसा, "काका, बारीक-मोठं पाह्याचं नाही, बाबानं सांगतलं हाये. उन्हाळ्यात तलाव साफ कराचा, पावसाळ्यात नवं बीज टाकाचं."

बोटीवरचा म्हातारा खलाशी हसला. म्हणाला, "अरे पोरा, दर्यात बीज कोण टाकतं?"

ओमेश म्हणाला, "सोसायटी टाकत असन ना."

सगळी बोट हसली. मला हसू आलं नाही. तो थट्टा करत नव्हता. समुद्राचा ठेका कोणाकडे आहे, हे तो मला दोन दिवस विचारत होता. तुझ्या हाताखाली वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार?

त्याला परत पाठवतो. एक अट आहे. २००१ च्या उन्हाळ्यात आपल्या तलावाच्या डोहात जाळं कोणी टाकलं, ते सोसायटीच्या बैठकीत उभा राहून सांग. ठराव लिहा आणि त्याची नक्कल मला पाठव. मी ओमेशला त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेलो नाही. तो कागद तो वाचेल आणि गाडीत बसेल.

दुधराम


१४ एप्रिल २००९
बोंडटोला

दुधराम,

पोरगा माझा आणि अट तुझी? वा रे वा!

जुनी मढी कशाला उकरतोस? डोहात सापडलेला जाळ्याचा तुकडा तुझा होता. डावखुऱ्याची गाठ होती आणि गावात जाळं विणणारा डावखुरा ढिवर तू एकटाच. पंचांनी गाठ ओळखली. सोसायटीतून तुझं नाव कमी केलं ते पंचांनी, तुझ्या हातचं पाणी बंद केलं तेही पंचांनीच. मी त्या दिवशी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मग माझ्याकडून खोटं कुठे बोललं गेलं?

आणि तू तरी कुठे बोललास? माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि निघून गेलास.

प्रेमिला रोज विचारते, पत्र आलं का म्हणून. मी नाही म्हणतो. तुझं पत्र बीजाच्या टाक्याजवळ जी पत्र्याची पेटी आहे, तिच्यात जाळ्याच्या सुतळीखाली ठेवलंय. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोपासून काही लपवलं नाही असं म्हणणार होतो, पण आमचा संसार बावीस वर्षांचाच आहे आणि लपवलेलंही काही कमी नाही.

जूनपासून दोन महिने तुमच्या बोटी बंद असतात असं ऐकलं. तेव्हा कुठल्या अटीवर खाऊ घालशील त्याला? येईलच घरी.

जागेश्वर


२८ जून २००९
बोंडटोला

चि. दुधराम,

आला नाही. आईला दोन मिनिटांचा फोन केला. "काकाजवळ जाळे शिवून राह्यलो," एवढंच बोलला. मी फोन घेईपर्यंत बंद झाला होता. प्रेमिलाने फोन ठेवला आणि धानाचे कोवळे परे पाहायला निघून गेली. रडली असेल तर तिकडे रडली असेल.

तुला पाहिजे ते लिहितो. फक्त तुझ्यासाठी लिहितो, बैठकीसाठी नाही.

मी केलं. तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. पण काऊन केलं, ते तुला माहीत नाही. तुला वाटत असेल मासे विकायला. नाही रे. सरकारी केंद्रात पंधरा दिवसांचं शिक्षण घेऊन आलो होतो. तिथे शिकवलं होतं की रोहू-कतल्याचं बीज सोडायच्या आधी तलावातला गावठी मासा काढून टाका, मरळ पिल्लं खातो. आपल्याकडे तर बापजाद्यांपासून एकच नियम. उन्हाळ्यात पाणी आटत आटत डोहात येतं, सगळा मासा तिथे गोळा होतो, आणि डोहाला जाळं लावायचं नाही. तिथल्या माया, अंड्यांवर आलेल्या माद्या, पावसाळ्यात तलाव भरतात. मी पंचांना विचारलं असतं तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. मला वाटलं, अडाणी आहेत सारे. बीज आता पिशवीत येतं, मायांचं काय काम?

मे महिन्यात सगळा टोला लग्नाला गेला होता. भर दुपारी मी दोन पोती मोहाची ढेप, माशाला गुंगी आणणारी, भिजवून डोहात कालवली. घंटाभरात मासा वर आला. मरळ, शिंगी, कटवा, दाडक, बोटरी. बोटरीच्या पोटात अंडी दिसत होती, एवढी फुगली होती. माझं जाळं फाटलेलं होतं. तुझं खुंटीवर होतं, ते घेतलं. घाईत एका बुडख्याला अडकून फाटलं. मासे मी खड्डा करून पुरले. एकही विकला नाही, एकही खाल्ला नाही. हे मी आठ वर्षं स्वतःला सांगत आलो, जणू त्याने काही कमी होतं.

त्या वर्षी रोहू-कतला असा वाढला की लोकांनी मला हार घातला. तोवर तू गेला होतास.

आता दर पावसाळ्यात पिशवी आली तर तलाव, नाही तर गढूळ पाण्याचं डबकं. पूर्वी बीज न टाकताही पाच घरं जगायची. ओमेशला मी तेच शिकवलं जे मला शिकवलं होतं, आणि तो ते समुद्रात घेऊन गेला.

आणखी एक. या महिन्यात सोसायटीने माशांसाठी खाद्याची बारा पोती आणली. पोतं फोडलं तर असा वास आला की प्रेमिला म्हणाली, "हे तं मासेच हायेत." कोकणातून आलंय. तू लिहिलेलं कूट हेच असणार. ओमेशने फावड्यानं भरलेलं कदाचित मीच तलावात टाकतोय. दोन मुठी टाकल्या आणि घरी आलो. मग दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रोज टाकतो, कारण दुसरं काही नाही.

आता तरी पाठव.

जागेश्वर


२७ ऑगस्ट २००९
बोंडटोला

चि. दुधराम,

तुझ्या पोस्टकार्डावर दोनच शब्द होते, "बैठकीत सांग."

सांगितलं. पोळ्यानंतर रविवारी बैठक होती, तिथे उभा राहून सगळं सांगितलं. लोक पुष्कळ बोलले, मी ऐकून घेतलं. तुझं नाव पुन्हा सोसायटीत घ्यायचं ठरलं. नक्कल मात्र लगेच मिळणार नाही, सचिव आजारी आहे. तो बरा झाला की पाठवतो. तोवर ओमेशला अडवू नकोस. दसऱ्याला घरी असला तर प्रेमिला जेवेल नीट.

भाऊ


५ ऑक्टोबर २००९
बोंडटोला

दुधराम,

मी खोटं लिहिलं. तू नंदलालला फोन केलास तेव्हाच तुला ते कळलं. नंदलाल सोसायटीचा अध्यक्ष आहे, पण पोटात गोष्ट राहील तर शपथ. भर चौकात मला म्हणाला, "जागेश्वरभाऊ, दुधरामचा फोन होता. तू बैठकीत काय बोललास म्हून विचारत होता. मी म्हनलं, दोनदा चहा सांग म्हनला, बाकी काई बोलला नाही."

खरं तेच आहे. उभा राहिलो होतो. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. समोर म्हातारी जमुनाबाई बसली होती, मासे विकून विकून वाकलेली. तोंड उघडलं आणि चहाच निघाला.

मग प्रेमिलाने पेटी उघडली. सुतळी घ्यायला गेली होती. तुझी पत्रं वाचली तिने, मार्चपासूनची. मला वाटलं आरडाओरडा करेल. समोर येऊन बसली आणि एवढंच म्हणाली, "तुले पोरगा पायजे का इज्जत पायजे, ते एकदाचं सांगून टाक."

मी म्हटलं, "पोरगा."

"मंग जाय ना. कायची वाट पाहून राह्यला?"

वाट कशाची ते मलाही सांगता येईना. निवडणूक आहे, मग धान कापणी, मग दिवाळी. मंडईच्या जत्रेनंतर १ नोव्हेंबरला बैठक आहे. घरोघर जाऊन आजच सांगता आलं असतं, पण आठ दारांत आठ वेळा सांगण्याची ताकद नाही माझ्यात. एकदाच सांगेन. भीतो मी, दुधराम. तू पंधरा जणांसमोर मान वर करून उभा होतास, तुझं काहीच चुकलेलं नसताना. मला ते अजून दिसतं.

ओमेशला सांग, आईने त्याच्यासाठी मोहाचे लाडू करायला घेतलेत.

जागेश्वर


२ नोव्हेंबर २००९
बोंडटोला

चि. दुधराम यास अनेक आशीर्वाद.

काल सांगितलं. यात आता काही लपवलेलं नाही. सोबत ठरावाची नक्कल आहे, खाली माझी सही, अध्यक्षांची सही आणि सोसायटीचा शिक्का. वाचून घे आणि ओमेशला वाचायला दे.

कसं झालं ते सांगतो. ढेप, लग्नाचा दिवस, तुझं जाळं, पुरलेले मासे, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चपला उचलतील. माझं पाणी बंद करतील. मी तयार होतो. खरं सांगू, मला ते पाहिजेच होतं. पण तसं काही झालं नाही. मग नंदलाल म्हणाला, "भाऊ, त्या सालचं पीक तं आपन सगळ्यायनंच खाल्लं. आता कोनाले बोलाचं?" लोकांनी माना हलवल्या. मागे बसलेल्या एका पोराने शेजाऱ्याला विचारलं, "कटवा म्हंजे कोनता मासा?" शेजाऱ्यालाही माहीत नव्हतं. मी सांगायला लागलो, अंगावर काळे पट्टे, मिशा अशा, पण सांगता सांगता माझीच गडबड झाली. मिशा किती होत्या ते आठवेना.

मग जमुनाबाई उठली. म्हणाली, "त्या साली मी दुधरामच्या हातचं पानी पेली नाही. उन्हात आला होता माह्या दारी, मी तोंड फिरवली. त्याची माफी मी कोनाजवळ मागू?" बैठक तशीच उठली.

मला शिक्षा झाली नाही. दंड नाही, बंदी नाही. उलट नंदलालने घरापर्यंत सोडलं. रस्त्याने मी रडत होतो आणि तो मला धानाचे भाव सांगत होता.

पण डोहाचं एक ठरवून घेतलं, ठरावात तिसरं कलम पाहा. या उन्हाळ्यापासून डोहाला जाळं नाही. आता त्यात राखण्यासारखं काय आहे, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, नवेगावकडच्या तलावांत अजून मरळ आहे, शिंगी आहे, जोड्या आणून सोडू. मला एकट्याला ते जमणार नाही, गुडघे गेलेत. ओमेश आला तर जमेल. तू आलास तर अजून बरं. तुझी खोली प्रेमिलाने सारवून ठेवली आहे.

त्याला म्हणावं, बापाने मारलं ते चुकलं. तो म्हणाला होता ते खरं होतं, तलावात काहीच नव्हतं, आणि ते माझ्यामुळे नव्हतं.

तुझा भाऊ,
जागेश्वर


२० नोव्हेंबर २००९
बंदर, जि. रत्नागिरी

भाऊ,

तुझं पत्र १३ तारखेला मिळालं. उत्तर लिहायला आठवडा लागला. फोन करायचं धाडस झालं नाही. वहिनीने उचलला असता तर काय बोललो असतो?

बातम्यांत वादळाचं ऐकलं असशील. ११ तारखेला आलं. ओमेश माझ्या बोटीवर नव्हता. गणपतीनंतर त्याला एका मोठ्या बोटीवर घेतलं होतं, लांब जाणाऱ्या. किनाऱ्याजवळ आता काही उरलेलं नाही. मी आलो तेव्हा चार तासांवर जाळं भरायचं. आता दीड-दीड दिवस आत जावं लागतं, तेही त्या बोटभर पिल्लांसाठी. त्यांची बोट ६ तारखेला निघाली. वादळाचा निरोप वायरलेसवर सगळ्यांना गेला. जवळ होतो ते आम्ही परत आलो. ते दीड दिवस लांब होते. निरोप मिळून उपयोग नव्हता.

बोटीवर सात जण होते. नऊ दिवस झाले. विमानाने शोधलं, आम्ही बोटी घेऊन शोधलं. एक पिंप आणि जाळ्याचा तुकडा मिळाला. तुकडा मी हातात घेऊन पाहिला. गाठ ओमेशची आहे. जून-जुलैत मीच त्याला शिवायला शिकवलं होतं, आणि माझं पाहून तो माझ्यासारखीच डाव्या हाताची गाठ मारायचा. आता शोध थांबवलाय. सरकारी कागदावर बेपत्ता असं लिहिलंय. तू तलावाचा माणूस आहेस, तुला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट वहिनीला माहीत नाही, तुलाही नाही. तुझं ऑगस्टचं पत्र मी खरं मानलं होतं. दसऱ्याचं तिकीट काढलं होतं त्याचं. त्याने बॅग भरली, आईसाठी सुके बोंबील बांधून घेतले. बोटीवरच्या सगळ्यांना सांगत सुटला की आता बाबाच्या तलावात काम करणार, पिल्लं परत सोडणार. तो बदलला होता, भाऊ. ढिगातली जिवंत पिल्लं ओंजळीने पाण्यात टाकायचा, तांडेलाच्या शिव्या खायचा.

निघायच्या आदल्या दिवशी मी नंदलालला फोन केला. तू खोटं बोललास हे कळलं आणि माझं डोकं फिरलं. मी ते तिकीट रद्द केलं. ओमेशने विचारलं, "काका, काऊन?" मी म्हटलं, "थांब थोडा, तुह्या बाबाचा एक कागद याचा हाये."

तो थांबला. बॅग सोडून कपडे परत खुंटीला लावले आणि बोटीवर गेला.

तू आठ महिने सांगितलं नाहीस आणि मी त्या कागदासाठी त्याला ठेवून घेतला. ठराव मी वाचला. सही तुझीच आहे. ज्याने वाचायचा होता तो नाही.

मी परत येणार नाही. माझं नाव सोसायटीत लिहू नका.

वहिनीला हे मी सांगू शकत नाही. तू सांग. समुद्रानं नेला असं सांगू नकोस. आपल्या दोघांची नावं घेऊन सांग.

दुधराम